पळती गार, उभी गरम

वसमत रोडला होती तोवर गाडी शहाण्यासारखी वागली. बाहेर मे महिन्याच्या उन्हानं डांबर मऊ झालं होतं आणि आत संघप्रियाच्या हातावर चक्क काटा आला होता. शेजारी तिचा धाकटा भाऊ धम्मदीप एसीच्या जाळीसमोर दोन्ही तळवे धरून बसला होता. पुण्याहून आल्यापासून तो हरेक गोष्टीवर कुरकुरत होता, पण आता त्याच्याही तोंडावर हसू होतं.

"ताई, झालं की काम! दादाला फोन लावू?"

"घाई करू नको. आधी गांधी पार्कातून जाऊ दे."

गांधी पार्कात शिरले आणि पुढे एक ऑटो आडवा. ऑटोपुढे केळीचा गाडा, गाड्यापुढे भाव करत उभी असलेली एक बाई, आणि त्या बाईला जगात कसलीच घाई नव्हती. संघप्रियानं गिअर काढला. गाडी जागेवर गुरगुरत उभी राहिली. आधी जाळीतला वारा कोमट झाला, मग नुसताच वारा राहिला, आणि ऑटो हलेपर्यंत तो चुलीपुढून आल्यासारखा तोंडावर यायला लागला. इंजिनाच्या तापमानाचा काटाही वर चढला. धम्मदीपनं गपचूप हात मागे घेतले आणि काच खाली केली.

"पळती गार, उभी गरम," तो म्हणाला. "उद्या पळणार हाय का ही?"

एसटीत कंडक्टरकी करताना संघप्रिया दिवसभरात शंभर जणांना चोख उत्तर द्यायची, पण आता तिनं नुसता गिअर टाकला. उद्या गाडी पळणार नव्हती, हेच तर दुखणं होतं.

उद्या बुद्ध पौर्णिमा. त्यांच्या झरी गावच्या नव्या विहारात मूर्ती बसणार होती आणि वेशीपासून विहारापर्यंत मिरवणूक निघणार होती. पुढे ट्रॅक्टरवर मूर्ती, मागे पांढऱ्या साड्यांतल्या बाया, आणि बायांच्या मधोमध वारलेल्या वडिलांची, अण्णांची, ही ॲम्बेसेडर. तिच्यात पुढच्या सीटवर त्यांची आई, सरजाबाई. असं ठरलं होतं, म्हणजे सरजाबाईंनी ठरवलं होतं. माणसाच्या पावलानं चालायचं, चौकाचौकात थांबायचं, वंदना झाली की पुन्हा निघायचं. ज्या चालीला एसी मान टाकत होता, नेमकी तीच चाल.

तो विहार सरजाबाईंच्या हातचा होता असं म्हटलं तरी कुणी हरकत घेतली नसती. दर पौर्णिमेला घरटी मूठभर ज्वारी एका डब्यात टाकायची, ही पद्धत त्यांनी घातली तेव्हा संघप्रिया परकरात होती. लोक हसले. मुठीमुठीनं कधी इमारत होते का, म्हणाले. पुढे वस्तीबाहेरच्याही बाया मूठ आणून टाकायला लागल्या. त्या ज्वारीतून पाया निघाला, भिंती उठल्या, मध्ये किती तरी वर्षं त्या भिंतींवर नुसती घाणेरी माजली, आणि शेवटी यंदा स्लॅब पडून रंगही लागला. मूर्तीवरचा पडदा सरजाबाईंनीच सारायचा, असा निरोप गावानं धाडला होता.

अडचण होती ती त्यांच्या पायाची. खुबा मोडून आत पट्टी बसवल्यापासून उजवा पाय वाकत नव्हता. थोरल्या सिद्धोधनच्या नव्या गाडीत बसायचं तर गुडघा पुढच्या कप्प्यावर आपटायचा आणि सरजाबाई अशा ओरडायच्या की रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची. ॲम्बेसेडरची बात वेगळी. दार ऐसपैस, पुढची सीट पलंगासारखी सलग, गिअर स्टीअरिंगलाच, त्यामुळे पायाशी मोकळं अंगण. उजवा पाय लांब सोडून त्या राणीसारख्या बसत. सेलूच्या ज्या जिनिंगवाल्याकडे अण्णांनी, म्हणजे लिंबाजींनी, उभी हयात ड्रायव्हरकी केली, त्याच्या पोरांनी ही गाडी भंगारात काढली तेव्हा अण्णांनी ती मागून आणली होती. आपण गेल्यावर बायकोला जगात नेणारी एवढी एकच गाडी उरेल, हे काही त्यांच्या ध्यानीमनी नसणार.

पण गेल्या उन्हाळ्यात सेलूला एका नामकरणाला जाताना याच गाडीत सरजाबाईंची मान कलली. ऊन लागलं होतं. डॉक्टरांनी तंबी दिली, पुन्हा असं ऊन नको. तेव्हापासून उन्हाळा म्हटला की आई घरात कोंडलेली. ते संघप्रियाला बघवेना, म्हणून तिनं सिद्धोधनशी भांडून गाडीत एसी बसवून घेतला होता. भागवत एसीवाल्यानं दोनदा गॅस भरला, पट्टा ताणला, काचांना काळी फिल्म लावली. गुण काही आला नाही.

गाडी घराच्या अंगणात शिरली तेव्हा सिद्धोधन पायरीवर उभाच होता. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्याला बरेच दिवस झाले होते, पण घरात तो अजूनही प्रार्थनेची घंटा झाल्यासारखाच बोलायचा.

"काय निकाल?"

"रस्त्याला लय गार पडते, दादा," संघप्रिया म्हणाली.

"आन मिरवणुकीत?"

धम्मदीपनं ताईकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि लहानपणापासून जे करत आला तेच केलं. तो दादाच्या बाजूला सरकला. "उभी राहिली की गरम होते."

"म्हंजे न्हाईच. मी पहिल्यापासून काय सांगायलोय? म्हाताऱ्या गाडीला असले साज शोभत न्हाईत. आईला उद्या फोनवर दाखवू. धम्मदीप तिथून दाखवील, आई हितं पंख्याखाली बसून बघंल. पडदा गावातलं कुणीबी सारील."

"दादा, कुणीबी कसा सारील?"

"ते बी बरोबरच हाय, ताई," अंगणाच्या कडेला बसलेली माधवीवहिनी म्हणाली. तिनं खाटेवर कुरड्या वाळत घातल्या होत्या आणि वरून पातळ फडकं पांघरलं होतं. "मागल्या साली सलाईन लागलं तवा उशाशी मीच व्हते. तुमी डुटीवर, हे भावजी पुण्याला. उद्या काही झालं तर पुन्हा मलाच."

तिघं एका बाजूला झाले आणि संघप्रिया एकटी पडली. तिला राग आला. वहिनीचं खोटं नव्हतं, म्हणून जास्तच आला.

"मी हितं हाय बरं का!" आतून सरजाबाईंचा आवाज आला. "मेले न्हाई अजून."

"आई, तू पड निवांत," सिद्धोधन म्हणाला.

"लय पडले. सिद्धू, मी काय फोनवरून ज्वारी टाकत व्हते का रं डब्यात? मंग पडदा कामून फोनवरून बघू?"

सिद्धोधन दारात गेला. त्याच्या आवाजातला मुख्याध्यापक अचानक कुठे तरी निघून गेला.

"आई, मागल्या खेपेला तुझं डोकं माझ्या मांडीवर व्हतं. तू माझ्याकडं बघायलीस, आन तुला मी कोन ते कळंना. म्या हाका मारल्या, पानी मारलं. तुला मी वळखूच येईना. मला पुन्हा ते बघायचं न्हाई."

संघप्रियाचा राग होता तिथंच विरघळला. दादा हट्टी आहे, कंजूष आहे, त्याला आपलंच खरं करायचं असतं, अशी किती तरी कारणं तिनं मनाशी धरली होती. तो घाबरला आहे, हे मात्र तिला सुचलं नव्हतं.

आत खाट करकरली.

"बरं," सरजाबाई म्हणाल्या. "गाडी उभ्यानं गार पडली तर जाईन. न्हाई पडली तर न्हाई जायची, फोनवर बघीन. मंग तर झालं?"

"झालं," सिद्धोधन म्हणाला. आपण जिंकलो असं त्याला वाटलं असणार, कारण तो लगेच पाणी प्यायला आत गेला.

धम्मदीप थोडा वेळ पायानं माती उकरत राहिला. मग बाह्या सारत गाडीकडे आला. "ताई, बोनट उघड."

"आता गं बाई! तू तर तिकडचा व्हतास ना?"

"उघड म्हणलो ना."

इंजिन सुरू केलं, एसी लावला, बोनट वर केलं आणि दोघं आत डोकी घालून उभी राहिली. दिसायला सगळं जागच्या जागी होतं. पट्टा फिरत होता, नळ्या थरथरत होत्या, जाळीमागे भागवतनं बसवलेला विजेचा पंखा भिरभिरत होता. धम्मदीप पुण्यात कॉम्प्युटरवर बसायचा. त्यानं मोबाईलवर काय काय शोधून वाचून दाखवलं आणि प्रत्येक वेळी शेवटी भागवतला बोलवा असंच निघालं.

"ओ, तुमची गाडी तिकडं घ्या!" माधवी ओरडली. "माझ्या कुरड्यांवर सगळी धूळ उडवायलीय."

"वहिनी, गाडी धूळ मागून उडवती," धम्मदीप हसला. "तोंडानं कशी उडवंल?"

"मंग या हिकडं आन बघा की तुमच्या डोळ्यानं."

संघप्रिया गेली. खाट गाडीच्या नाकासमोर होती. कुरड्यांवरचं फडकं एका बाजूनं उचललं जात होतं, फडफडत होतं, आणि ते गाडीपासून दूर फडफडत होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. ती जाळीपुढे वाकली तसा तिच्या तोंडावर गरम फुंकर आली.

उन्हाळ्यात एसटी स्टँडवर लागली की संघप्रियानं कितीदा तरी बसच्या पुढच्या जाळीला चिकटलेला पाला, कागद, पिशव्या ओढून काढल्या होत्या. गाडी पुढून आत ओढते. बाहेर फुंकणारी गाडी तिनं आजवर बघितली नव्हती.

"वहिनी, फडकं द्या."

"आन कुरड्यांवर माशा बसू देऊ?"

"दोन मिंटं द्या हो."

तिनं फडकं जाळीपुढे धरलं. फडकं तिच्या अंगावर आलं. "दीपू, एसी बंद कर." एसी बंद झाला, तसं फडकं वळलं आणि जाऊन जाळीला चिकटलं. "आता लाव." फडकं पुन्हा फुगून तिच्याकडे आलं.

"उलटा फिरायलाय!" ती ओरडली. "भागवतचा पंखा उलटा फिरायलाय, दीपू! इंजिनाचा पंखा वारा आत ओढतोय आन हा बाहेर ढकलतोय. दोघांच्या भांडणात वारा मधीच अडकून तापायलाय. रस्त्याला समोरून एवढा जोराचा वारा येतो की भांडन मोडून आत घुसतो. गाडी थांबली की पुन्हा ह्यांचं सुरू."

"आपल्या घरावानीच की," माधवी म्हणाली, आणि खाट सोडून तीही बोनटपाशी आली. संघप्रियाच्या बाजूला आता तिघं झाले.

पण पुढे गाडं अडलं. पंखा उलटा फिरतो म्हणजे त्याच्या तारा उलट्या लागल्या, एवढं तिघांनाही कळत होतं. तारा बघितल्या तर त्या सरळ होत्या. लाल फ्यूजकडे, काळी बॉडीला. संघप्रियानं भागवतला फोन लावला.

"ताई, लाल फ्यूजला आन काळी बॉडीला, जगात सगळीकडं असंच लावत्यात," भागवत म्हणाला. "मी आज पडलो का ह्या धंद्यात?"

"बॅटरीपाशी नीट बघितलंत का?"

"बॅटरीला मी हातच लावला न्हाई. सरांनीच सांगितलं, ती निळी चिंधी जयंतीची हाय, धक्का लावू नका. म्हणलं श्रद्धेची गोष्ट दिसतीय, आपण कामून हात लावा?"

तिघांनी बॅटरीकडे बघितलं. बॅटरीवरून बॉडीकडे जाणाऱ्या जाड पट्टीच्या टोकाला निळ्या चिंध्यांचा हा एवढा गठ्ठा होता. दर जयंतीला सकाळी बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घातला, वंदना झाली, की पांढराशुभ्र सदरा घातलेला सिद्धोधन बोनट उघडायचा आणि तिथं नवी निळी चिंधी बांधायचा. आधी अण्णा बांधायचे, मग तो. घरातली पोरं रांगेनं उभी राहून तिला जय भीम करायची. बॅटरी बदलायची वेळ आली तरी ते टोक दुसऱ्या कुणाच्या हाती जात नसे. तोच ते चिंध्यांसकट काढी आणि होतं तिथंच तसंच बसवी.

संघप्रियानं गाठीला हात घातला.

"हात लावू नको!"

सिद्धोधन पायरीवरून जवळजवळ धावत आला आणि बॅटरीच्या आड उभा राहिला.

"दादा, आत काय हाय ते बघू दे नुसतं."

"न्हाई. संघे, तुला ठाव न्हाई. अण्णा दवाखान्यात व्हते तवा शेवटच्या दिवशी मला जवळ बोलावलं. म्हणले, सिद्धू, गाडीची निळी चिंधी सोडू नको. बस, तेवढंच. पुन्हा काही बोललेच न्हाईत. म्या आजवर सोडली न्हाई."

माधवी हलकेच नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. धम्मदीप खाली बघायला लागला. संघप्रियाचा हात मागे आला. तिच्या मनात होतं, दादा, आईला उद्या घरात ठेवणारी हीच चिंधी असली तर? पण बापाच्या शेवटच्या शब्दापुढे असलं काही बोलायला तिची जीभ रेटेना. उद्याची मिरवणूक आपल्या हातून गेली असं तिला त्या क्षणी खरोखर वाटलं.

"सोड की रं," मागून आवाज आला. "माझ्याच लुगड्याची हाय ती."

सरजाबाई वॉकर धरून उंबऱ्यात आल्या होत्या. माधवी छत्री आणायला पळाली.

"आई, अण्णांनी मला..."

"अण्णांनी सांगितलं ते बरोबरच हाय. सेलूला एकानं ह्या गाडीची बॅटरी उलटी जोडली व्हती. धूर निघाला, डायनामो जळाला, मालक लय बोलला ह्यांना. ही गाडी जुन्या इंग्रजी वळनाची. समद्या गाड्यांची काळी बॉडीला, हिची लाल बॉडीला. हे रोज घोकायचे, मला बी पाठ झालं. मंग खूण म्हनून चिंधी बांधली. म्या म्हणलं, लाल रंग लावा की. तर म्हणले, तेलकटात लाल-काळं काही कळत न्हाई, निळं आपल्याला अंधारात बी कळतं."

सिद्धोधननं चिंध्यांच्या गठ्ठ्याकडे वळून बघितलं.

"खूण?" सिद्धोधन म्हणाला. "पन मंग जयंतीलाच कामून बांधायचे?"

"जयंतीला मला नवं लुगडं यायचं. जुनं फाडायला निघायचं, त्यातली चिंधी ह्यांना द्यायचे. तू बांधायलास तवा मला वाटलं, पोरगं बापावानी गाडी जपायलंय. चिंधी सुटली तर कुनीतरी उलटं जोडंल, ही फिकर व्हती त्यांना मरताना. गाडी म्हंजे जीव की प्राण."

सिद्धोधन पायरीवर बसला. या माणसानं नोकरीभर वर्गातल्या पोरांचे ताईत आणि गंडेदोरे सोडवायला लावले होते, आणि विज्ञाननिष्ठेवर तासन्‌तास भाषण देतानाही तो कधी थकला नव्हता. संघप्रियाच्या जिभेवर शब्द अगदी आला होता, आणि तो तिनं गिळला असता तर ती संघप्रिया कसली.

"दादा, सगळ्या शाळेचे दोरे सोडवलेस आन शेवटी बॅटरीला बांधलास व्हय?"

क्षणभर तिला वाटलं, चुकलं. मग सिद्धोधनचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, आणि हसता हसता डोळे पुसत होता, आणि यातलं कोणतं खरं ते त्यालाही ठरवता आलं नसतं.

"सोडतो," तो उठत म्हणाला. "मीच सोडतो."

त्यानं एकेक गाठ सोडवली. वरच्या चिंध्या चकचकीत निळ्या, दुकानातल्या सॅटिनच्या. त्याखाली विटत गेलेल्या. सगळ्यांत आत तेलानं काळवंडलेली, काठाचा बारीक धागा असलेली सुती पट्टी. ती त्यानं आईच्या हातात नेऊन दिली. सरजाबाईंनी काठावरून अंगठा फिरवला. चिंधी होती तिथं, बॉडीकडे जाणाऱ्या टोकापाशी, बॅटरीवर अधिकाची खूण स्पष्ट दिसत होती. म्हणजे भागवतनं बॉडीला जोडलेली काळी तार या गाडीत अधिकाला लागली होती, म्हणून पंखा उलटा.

धम्मदीपनं पंख्याच्या दोन्ही तारा अदलाबदल केल्या. आतल्या वाऱ्याच्या मोटरचंही तेच झालेलं निघालं. ती उलटी फिरूनही कसाबसा वारा देत होती, म्हणून तिचा कुणाला संशयच आला नव्हता. इंजिन सुरू झालं. संघप्रियानं फडकं जाळीपुढे धरलं, आणि ते तिच्या हातातून सुटून पट्कन जाळीला जाऊन बसलं.

"आता माझ्या कुरड्या ओढून घेऊ नका म्हंजे मिळवली," माधवी म्हणाली.

सिद्धोधन पुढच्या सीटवर जाऊन बसला, काचा बंद करून. गाडी जागची हलली नाही. बाकीचे बाहेर ताटकळत उभे. बऱ्याच वेळानं त्यानं दार उघडलं तेव्हा त्याच्या अंगावरचा घाम सुकलेला होता.

"आई, उद्या शाल लागंल तुला," एवढंच तो म्हणाला.

झरीच्या वेशीत मिरवणूक निघायलाच उशीर झाला. ट्रॅक्टरच्या फुलांवरून दोन मतं पडली, मग भन्तेजींची गाडी वाटेत थांबली, आणि ऊन डोक्यावर आलं. संघप्रियानं पहिला गिअर टाकला. माणसाच्या पावलानं गाडी सरकायला लागली. थांबली. पुन्हा सरकली. जाळीतून गार वारा येत राहिला, आणि इंजिनाचा काटा मधोमध खिळल्यासारखा राहिला. बोनटखाली बॉडीच्या टोकाला पुन्हा निळी चिंधी होती, या खेपेला एकच. खूण पाहिजेच, असं म्हणून सकाळी सिद्धोधननंच ती बांधली होती.

सरजाबाई पांढरी साडी नेसून, पाय लांब सोडून, खांद्यावर शाल घेऊन बसल्या होत्या. मागे सिद्धोधन मांडीवर ओला टॉवेल, मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली आणि तापमान मोजायची नळी घेऊन सज्ज. दर थोड्या वेळानं तो पुढे वाकून विचारायचा, "आई, मी कोन?"

"माझा वेडा," सरजाबाई म्हणायच्या, आणि तो समाधानानं मागे टेकायचा.

चौकात मिरवणूक थांबली. "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणत बाया गाडीच्या दोन्ही अंगांनी उभ्या होत्या. पदर डोक्यावर ओढलेले, कपाळावरून घाम ओघळणारा. संघप्रियानं काळ्या काचेतून बघितलं. यातल्या किती तरी जणी तिनं लहानपणी डब्यात मूठ सोडताना पाहिल्या होत्या. आता त्या पिकल्या होत्या. काठीला टेकून धनगरवाड्यातली भिवराबाई उभी होती. जन्मभर मेंढरांमागे हिंडलेली ही बाई. वस्तीबाहेरून पहिली मूठ आली ती तिची. भिवराबाई काचेला हात लावून आत डोकवायचा प्रयत्न करत होती, पण तिला आतलं काही दिसत नव्हतं.

"काच खाली कर," सरजाबाई म्हणाल्या.

"आई, न्हाई!" सिद्धोधन मागून ओरडला. "सगळा गार वारा जाईल. एवढा आटापिटा कशासाठी केला?"

"जाऊ दे की. माझ्या एकटीसाठी केला का तेवढा? संघे, कर खाली."

संघप्रियानं वाकून आईच्या बाजूची काच फिरवत खाली घेतली. ऊन आत आलं आणि गार वारा बाहेर पडला. भिवराबाईच्या तोंडावर तो लागला तशी ती दचकून मागे झाली, आणि मग हसली.

"आगं सरजे! हे काय फ्रीजमधी बसलीस व्हय?"

"ये, हितं तोंड घाल. घे वारा. लय उन्हात उभी हायस."

भिवराबाईनं खिडकीत तोंड घातलं. डोळे मिटून ती तशीच राहिली. मागून दुसरी आली, तिसरी आली. गाडीभोवती बायांची रांग लागली. प्रत्येक बाई वाकायची, सरजाबाईंचा हात धरायची, जय भीम म्हणायची, गार वारा तोंडावर घ्यायची आणि पुढचीला जागा करून द्यायची. पुढे ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

संघप्रियानं आरशातून मागे बघितलं. आता दादा चिडणार, असं तिला वाटलं. सिद्धोधन आईकडे बघत होता. सरजाबाई एकेकीला नावानं हाक मारत होत्या, तिच्या लेकीसुनांची चौकशी करत होत्या, आणि एकही नाव चुकत नव्हतं. त्यानं तापमानाची नळी खिशात घातली, ओला टॉवेल बाजूला ठेवला, आणि हळूहळू आपल्याही बाजूची काच खाली केली.

"संघे," तो म्हणाला, "वारा अजून वाढतो का गं?"

"वाढतो की, दादा," संघप्रिया म्हणाली, आणि तिनं बटण शेवटपर्यंत फिरवलं.